दोन गालांची वानगी

माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा माझ्या उजव्या गालात गाय होती, आणि डाव्या गालात नेमकं काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मूर्खपणा पूर्णपणे माझा. त्यात घरातल्या कुणाचाही वाटा नाही. असता तर तो मी एव्हाना नक्की वाटून दिला असता.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या यांची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत होती. मुलं पुण्याला शिकत होती, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मी पन्नाशीला टेकलेली. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती नव्हती. नव्हती म्हणजे नव्हतीच! वाटीतून लोण्याचा गोळा काढून ताटलीत ठेवावा तसा चेहरा. आणि मी? नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरड्या वाळवता वाळवता त्यांच्याबरोबर मीही वाळले होते. (पापड निदान तळल्यावर फुलतात.)

तरी मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण शेजारी एक नवी भाडेकरीण आली. ओळख करून घ्यायला म्हणून आमच्याकडे डोकावली, आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी काय? यातल्या मोठ्या कोणत्या?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणलं तर घोट घेऊन पुन्हा हसल्या. त्या दिवसापासून माझं नाव पडलं मोठी बाई!

"काहून वं मोठी बाई, आज भाजी कायची करून राहिली?"

"आई, पुरे करा आता."

"अवं, चेष्टा नाही करत मी. वडीलमाणूस तू. पाया पडू काय?"

दूधवाल्यालाही सांगायच्या, "थांब गा, माही मोठी बहीण भांडं घेऊन येऊन राहिली." तो बिचारा माझ्याकडे बघून खरंच मान लववायचा. मला वाटलं, आता काहीतरी करायलाच हवं.

शहरातल्या सदर भागात मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा येतात आणि सुया टोचून सुरकुत्या भरून काढतात, असं एका मैत्रिणीकडून कळलं. घरी सांगितलं, स्वेटरची लोकर आणायला जाते. (एप्रिलमध्ये! पण आमच्या घरात लोकरीचा हंगाम कुणालाच ठाऊक नव्हता.)

डॉक्टरांनी माझा चेहरा दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "दोन औषधं आहेत. पहिलं कोलॅजन. गाईच्या कातडीतून काढतात. आधी हातावर थोडं टोचून महिनाभर थांबायचं, काही उठलं नाही तर चेहऱ्यावर. पण ते काही महिन्यांत विरतं, मग पुन्हा टोचायचं. दुसरं सिलिकॉन. तेलासारखं असतं. चाचणी नको, काही नको. एकदा घातलं की कायमचं."

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याबरोबरच जाईल. मी म्हणेन पहिलंच घ्या."

आता इथे आमच्या घराण्याची रीत आडवी आली. अडत्याच्या घरात एका वानगीवर सौदा होत नाही. तूर घ्यायची तर दोन पोत्यांतली मूठमूठ घरी येते, दोन पातेल्यांत वेगवेगळी शिजते, शेजारी शेजारी ठेवून चाखली जाते आणि मगच पोतं ठरतं. हे मला सासूबाईंनीच शिकवलं होतं, लग्न होऊन आले त्याच वर्षी. तेव्हापासून मी तांदूळ, मिरच्या, मुलांच्या शिकवण्या, सगळं असंच घेतलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, असं करा. उजव्या गालात हे, डाव्या गालात ते. जे चांगलं उतरेल ते पुढं कपाळाला घेऊ."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, चेहरा म्हणजे तुरीचं पोतं नाही."

"पण गाल दोन्ही माझेच आहेत ना?"

त्यांनी चष्मा परत चढवला आणि हो म्हटलं. (म्हणायला नको होतं. डॉक्टर होते ते!)

त्या दिवशी हातावर टोचून घेतलं, महिनाभरात काही उठलं नाही आणि मी पुन्हा लोकर आणायला गेले. किती टोचलं ते विचारू नका. भरली वांगी करताना वांग्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "सूज येईल. घाबरू नका. फक्त दाबू नका, चोळू नका, कुणाला हात लावू देऊ नका. औषध जागचं हलेल."

घरी आले ती पदर नाकापर्यंत ओढून. सासूबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या.

"तोंड काहून झाकलं वं?"

"दाढ दुखते आई."

"इकडं कर, पाहू दे."

"आज नको. बरी झाली की दाखवते."

"दोनीकडची दाढ एकदमच दुखते काय तुही? मोठी बाई, झोप जाऊन."

मी पडल्या पडल्या सगळं ठरवून टाकलं. आठ दिवसांनी सूज उतरेल. मी काठाची साडी नेसून त्यांच्यासमोर उभी राहीन. त्या भाडेकरणीला मुद्दाम बोलावीन आणि त्यांच्यादेखत विचारीन, आता सांगा, मोठी कोणती? मग सासूबाई काय म्हणतील, मी काय म्हणेन, सगळे संवाद पाठ केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चहा मागितला. "आलं घालजो वं," म्हणाल्या. मी आलं किसून चहा घेऊन गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

ज्या एका माणसाला चेहरा दाखवायचा म्हणून हा सगळा उपद्व्याप केला, ते माणूस न बघताच गेलं.

त्यानंतर मला माझा चेहराच दिसला नाही. आमच्याकडे सुतकात आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवतात. मला माझे गाल आता फक्त लोकांच्या तोंडावर दिसत होते. आणि पहिलं तोंड होतं माझ्या नणंदेचं. सुमनवन्सं अमरावतीहून आल्या त्या दारातच थबकल्या. माझ्याकडे बघितलं. सुजलेले डोळे, फुगलेले गाल, लालबुंद नाक!

"वहिनी!" त्यांनी हंबरडा फोडला. "पोटची पोरगी मी, माहे डोळे कोरडे, अन् तुमी रडून रडून काय हाल करून घेतले वं!"

आणि माझ्या गळ्यात पडल्या. दुःखाला आलेली बाई गळ्यात पडते, गालाला गाल लावून रडते आणि मग दोन्ही हातांत तोंड धरून कुरवाळते, ही आपली पद्धत. डॉक्टरांना ही पद्धत ठाऊक नसावी. वन्संनी माझा डावा गाल दाबला मात्र, मी जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेली. गिरणी बंद पडली म्हणतात.

झालं! माझी कीर्ती पसरली. सासूसाठी अशी रडणारी सून कुणी पाहिलीच नव्हती. ओळखीच्या आल्या, अनोळखी आल्या. एक बाई आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पाह्य, याले म्हनते सून!" प्रत्येकीनं गालाला हात लावला. प्रत्येक हाताला मी किंचाळले. जितकी किंचाळले तितकी गर्दी वाढली.

त्यातच खाप्याहून गोदाकाकू आल्या. सासूबाईंच्या जाऊबाई. घरी म्हशी, हातात ताकद. त्यांनी माझं तोंड मांडीवर घेतलं आणि जावेच्या आठवणी सांगत सांगत, भाकरीचं पीठ मळावं तसे माझे गाल मळायला सुरुवात केली. "अशी होती वं माही जाऊ," एक दाब. "कवा तोडून नाही बोलली," दुसरा दाब. डाव्या गालातलं औषध जबड्याकडे सरकताना मला स्पष्ट जाणवलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि काकूंना वाटलं आपण फार छान सांगतोय.

संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. सौद्याशिवाय फारसं न बोलणारा माणूस. डोळे भरलेले. "मले वाटे तुमचं दोघींचं पटत नाही. आईवर तुहा इतका जीव होता, माहीतच नव्हतं."

"अहो, मला एक सांगायचंय..."

"काही नको सांगू. आई नशीबवान."

मी तोंड मिटलं. (मिटतानाही दुखलं.)

खरी रडले ते वेगळंच. रोज दुपारी चहाला आधण ठेवताना हात आपोआप आलं किसायला घ्यायचा. मग मी किसणी तशीच हातात धरून उभी राहायचे. तिथे कुणी नसायचं, आणि बरं झालं नसायचं. कुणीतरी गाल कुरवाळले असते. मोठी बाई म्हणणारं आता कुणी उरलं नाही, हे मला त्या ओट्यापाशी कळलं.

दहाव्याला भटजींनी सगळ्यांच्या हातावर पंचगव्य घातलं. "गाईची पाच द्रव्यं पोटात गेली की देह शुद्ध," म्हणाले. मी मुकाट्यानं घेतलं. माझ्या देहात सहावं आधीच होतं, ते शुद्ध करतं की कसं, हे विचारायची सोय नव्हती.

आणि मग सूज उतरू लागली. मला दिसत नव्हतं, पण लोकांचे चेहरे बदलू लागले. आलेल्या बाया गळ्यात पडायला पुढे यायच्या आणि मधेच थांबायच्या. आपसात कुजबुज. ती भाडेकरीण तर म्हणाली, "काकू, किती बऱ्या दिसून राहिल्या तुमी!" तिचा काही हेतू नव्हता, तिचा कधीच काही हेतू नसायचा. पण वन्संनी ते ऐकलं. जेवताना माझ्याकडे टक लावून बसल्या.

"वहिनी, तब्येत सुधरली तुमची."

"कुठं हो, भूकसुद्धा नाही."

"दिसते ना. गाल कसे भरले."

तेरवीच्या सकाळी आरसा सरळ केला आणि मी बघतच राहिले. एक सुरकुती नाही! वानगीचा निकाल हवा असेल तर सांगते. उजवा गाल गुळगुळीत. डावाही गुळगुळीत, पण काकूंच्या मळण्यामुळे थोडा खाली उतरलेला, त्यामुळे तोंडावर सदा एका बाजूनं मिस्कील हसू असल्यासारखं. (पुढं उजवा वर्षाच्या आत पहिल्यासारखा झाला आणि डाव्यात हरभऱ्याएवढी गाठ झाली, ती आजही आहे. घेऊ नका.) आरशातला चेहरा अगदी ओळखीचा वाटला. लोण्याचा गोळा! "आई, आता सांगा मोठी कोणती," असं म्हणून मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. आणि नेमक्या तेव्हाच वन्सं दारात आल्या.

"माय वं!" त्या हळूच म्हणाल्या. "आईले जाऊन तेरा दिवस नाही झाले, अन् आरशापुढं हसून राहिल्या तुमी?"

"वन्सं, तसं नाही हो!" मला रडू फुटलं, अगदी खरं. पण काय सांगू, सुरकुत्या असत्या तर अश्रू अडकले असते, चार माणसांना दिसले असते. त्या गुळगुळीत गालांवरून ते एका क्षणात घसरून पदरात गेले. वन्संनी बघेपर्यंत तोंड कोरडं! खरं सांगावं, तर सासू मरणाच्या आदल्या दिवशी ही बाई गालात गाय भरून आली, हे सांगायचं. न सांगावं, तर सासू मेली म्हणून खुलली. मी न सांगणं पत्करलं. पंगत उठायच्या आत वन्संनी पिशवी भरली. "माहेर संपलं माहं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातचा चहा न घेता गेल्या. दोन वर्षांनी मी अमरावतीला जाऊन सगळं सांगितलं. विश्वास बसेना, तेव्हा गाठ हाताला लावून दाखवली. त्यांनी ती चाचपली आणि चहा टाकला. तरी अजून त्या अर्धंच खरं मानतात.

पण ते नंतरचं. तेरवीच्या संध्याकाळी घर रिकामं झालं. मी गोदाकाकूंना खाप्याच्या मोटारीत बसवायला गेले. मान खाली, वन्संचं बोलणं कानात. काकूंनी सामान वर ठेवलं, खिडकीतून हात बाहेर काढला, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. मग आसपास कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि म्हणाल्या,

"सूनबाई, तोंडावर असं तेज याले सासू मराच लागते काय वं? दुसरा काही इलाज असन तं माह्या सुनेले सांगजो, मले आणखी जगायचं हाये!"