दोन हजार तीनशे अँपचा धनी

कुंदन बिरारीकडे दोन हजार तीनशे सोळा अँप होते आणि ते सगळे मिळून जेवणाच्या डब्याएवढ्या एका पेटीत मावत होते. हसू नका, खरं सांगतोय.

गिटारवाल्यांच्या जगात हल्ली हे असंच चालतं. तिकडे स्वीडनमध्ये नाहीतर अमेरिकेत कुणाकडे तरी जुना, भारी अँप्लिफायर असतो. तो गडी त्याच्यासमोर माइक लावतो आणि एक यंत्र जोडतो. यंत्र त्या अँपला पाच मिनिटं चित्रविचित्र आवाज ऐकवतं, अँप काय उत्तर देतो ते कान देऊन ऐकतं आणि त्याची बोली शिकून घेतं. झाली प्रोफाइल तयार! मग ती फाइल इंटरनेटवर येते आणि नाशकात, सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर, आमचे कुंदनराव ती उतरवून घ्यायला टपलेलेच असतात.

नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. दिवसभर हातात मायक्रोमीटर. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तरी हा बाबा अख्खा लॉट परत पाठवणार. घरी आला तरी डोकं तिथंच. या प्रोफाइलमध्ये धार जरा जास्त, त्या प्रोफाइलमध्ये पोट कमी, हिचा शेवट कोरडा. रविवारी सकाळी चहा झाला की कानाला हेडफोन लावायचा, गिटार मांडीवर घ्यायची आणि तेच ते चार सूर वाजवायचे. आवाज सगळा ह्याच्या कानात. बाकी घराला ऐकू यायची ती नुसत्या तारांची ट्यँव ट्यँव. बारा वर्षांत या माणसाने एक गाणं शेवटापर्यंत वाजवलं असेल तर शपथ!

"अहो, गाणं कधी?" तेजस्विनी विचारायची. ती त्याची बायको, फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते.

"टोन सापडला की."

"आणि नाहीच सापडला तर?"

"सापडेल गं. कालच एक सापडता सापडता राहिला."

कुठला टोन हवाय, असं व्हॉट्सअॅपवरच्या गिटारवाल्यांनी विचारलं की तो ऐटीत लिहायचा, 'ब्रिटिश, सत्तरच्या दशकातला.' धादांत खोटं! खरं काय ते तो जिवात जीव असेपर्यंत त्या ग्रुपवर सांगणार नव्हता. त्याचं गाव सटाण्याजवळ. नऊ वर्षांचा असताना काकाच्या वरातीत मुझफ्फरचाचांची बेंजो पार्टी आली होती. बेंजो म्हणजे आपला तो लाकडी फळीवरचा, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा. हातगाडीवर एक लाकडी अँप होता, मागून तापलेला, आत काचेचे दिवे लुकलुकणारे. त्यातून जो आवाज आला तो गोड होता आणि कडेने जरासा फाटलेला होता. पोरं नाचत होती आणि हा येडा अँपच्या लाकडाला हात लावून मारुतीपासून मांडवापर्यंत गाडीबरोबर चालत गेला. तो आवाज पस्तीस वर्षं डोक्यातून गेला नव्हता. गिटार शिकला तो त्याच्याचपायी.

हे गुपित परवाच्या दिवाळीत तेजस्विनीला कळलं. ती आधी पाच मिनिटं पोट धरधरून हसली.

"बेंजो? दोन हजार अँप गोळा केले ते बेंजोसाठी?"

"हळू बोल ना!"

मग डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, पण मग स्वीडनमध्ये काय शोधताय? सटाण्यात शोधा ना!"

कुंदनने कपाळावर हात मारला. मायक्रॉन मोजणाऱ्या माणसाला बारा वर्षांत हे सुचलं नव्हतं.

त्याने लगेच गावाकडे चुलतभावाला, जयरामला फोन लावला. जयराम म्हणाला, "चाचा? शे ना! चांगला ठणठणीत शे." शे म्हणजे आहे, तिकडची अहिराणी. डीजे आले आणि अकरा वर्षांपूर्वी पार्टी मोडली. पण अँप अजून चाचांच्या खाटेखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. त्या रात्री कुंदनला झोप म्हणून लागली नाही. त्या अँपची एक प्रोफाइल, फक्त एक, मिळाली की संपलं सगळं. मग शोध नाही, काही नाही.

पुढच्याच शनिवारी पेटी, माइक, वायरी, गिटार, सगळं गाडीत घालून तो निघाला. तेजस्विनीही बरोबर. "माझे बारा वर्षांचे रविवार ज्याने खाल्ले, त्याला एकदा बघू तर द्या," म्हणाली. देवळ्यात चहा घेतला आणि अकराच्या सुमारास सटाण्यात चाचांच्या दारात उभे राहिले.

मुझफ्फरचाचा अंगणात खाटेवर बसले होते. बहात्तरचे असतील, पण पाठ ताठ. पांढरी दाढी नीट कातरलेली.

"कोना आंडोर रे तू?" त्यांनी विचारलं. कुणाचा मुलगा, ते आधी कळलं पाहिजे.

कुंदनने वडिलांचं नाव सांगितलं, काकाची वरात सांगितली. चाचांचा चेहरा उजळला. "ती वरात! चार तास चालली व्हती. नवरी मांडवात रडकुंडीला आलती!" आतून त्यांच्या बायकोने, हमीदाचाचींनी, पाणी आणलं आणि तेजस्विनीला हाताला धरून सावलीत बसवलं.

कुंदनने पेटी काढून दाखवली, यंत्र आवाज कसा शिकतं ते सांगितलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आतल्या खाटेखालचा अँप अंगणात ओढून आणला, गोणपाट सोडलं आणि मागची फळी काढली.

"हे बघ. काचेचे हे व्हॉल्व्ह. एक कधीच गेला." त्यांनी बिस्किटाच्या जुन्या डब्यातून कापसात ठेवलेला एक व्हॉल्व्ह काढला. "हा शेवटचा. असला आता मिळत नाही. आणि आतला ट्रान्सफॉर्मर बी जळायला आलाय. मालेगावचा मिस्तरी बोलला, चाचा, दहा मिनिटं चालंल, लय झालं तर पंधरा. मंग राम राम."

"मग अकरा वर्षं ठेवला कशासाठी?" तेजस्विनीने विचारलं.

चाचा जरा ओशाळले. "चांगला मोका बघत व्हतो, बेटी. येईल येईल करता करता राहिलं. आता तू आला ना, कुंदन? घे तुझ्या पेटीत. तिथं तरी राहील."

कुंदनने जपून व्हॉल्व्ह बसवला, माइक लावला, अंतर चक्क पट्टीने मोजलं. बटण दाबलं. दिवा हळूहळू नारिंगी झाला, अँप गुणगुणू लागला आणि तो जुना, तापल्या लाकडाचा वास आला. कुंदनचे डोळे भरून आले. लपवलंही नाही त्याने. मग यंत्र सुरू केलं.

यंत्राचे ते आवाज! कूंऽऽऽ, घर्रर्र, टक टक टक, मग सायरनसारखं वर चढत जाणारं काहीतरी. शेजारची शेळी बें बें करायला लागली. आणि स्वयंपाकघरातून हमीदाचाची लगबगीने बाहेर आल्या. त्यांनी हात धुतले होते, ओढणी नीट केली होती. उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या, दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"हे वाजवायचा तुम्ही?" त्या चाचांना म्हणाल्या. "या अल्ला!"

चाचा काही बोलणार, तेवढ्यात लाइट गेली.

यंत्राच्या पडद्यावर आकडा होता सत्तर टक्के. सत्तर! अर्धवट शिकलेलं यंत्र सगळं विसरतं, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कुंदन डोकं धरून अंगणात बसला. शिव्या द्यायच्या तरी कुणाला? तारेवरच्या कावळ्याला दिल्या दोन मनातल्या मनात.

"आता जेवा," चाची म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मोडायची सोय नव्हती. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा, वर कांदा. जेवता जेवता तेजस्विनी म्हणाली, "चाची, तुम्हाला तो आवाज वेगळा वाटला ना? तो बेंजो नव्हता. ते यंत्र होतं."

"मला काय ठाऊक, बेटा? मी कुठं ऐकलाय?"

कुंदनचा घास हातातच राहिला. "म्हणजे? चाचांचा बेंजो तुम्ही ऐकला नाही?"

"घरी ऐकला ना. नुसता, अँपबिगर. टिक टिक, टिक टिक. रोज वाजवतात अजून." चाची हसल्या. "अँप पार्टीच्या गोदामात असायचा. लगीनसराईत हे गावोगाव. परक्याच्या वरातीत मी कशी जाणार? माझ्या तिन्ही भावांच्या लग्नाच्या तारखांना हे दुसरीकडंच. आणि आमच्या लग्नात तर नवरदेवच हे! घोड्यावर बसून कसं वाजवणार?"

सगळे हसले. चाचाही हसले, पण मग भाकरीकडे बघत बसले. चाची सहज सांगत होत्या, तक्रार म्हणून नव्हे, आणि त्यामुळेच कुंदनला ते जास्त लागलं.

तासाभराने लाइट आली. चाचांनी अँपच्या मागे हात घालून पाहिला, नाकाने वास घेतला. "गरम व्हऊन थंड झाला. आता परत तापवला की जाईल तो. पाच मिनिटं, बस."

पाच मिनिटं! यंत्राला बरोबर तेवढीच लागत होती.

कुंदनने यंत्राकडे बघितलं, माइककडे बघितलं. आयुष्यात एवढी लालूच त्याला कशाची वाटली नव्हती. तेजस्विनी हळूच म्हणाली, "तुम्ही आधी ती प्रोफाइल घ्या. मग पेटीतून ऐकवता येईल की चाचींना. कधीही, हवं तेव्हा."

बोलणं बिनतोड होतं. कुंदनने हात पुढे केलासुद्धा. आणि मग त्याला स्वतःच्याच पेटीतले ते दोन हजार तीनशे सोळा आठवले. जगातले एकाहून एक नामी अँप, बोलीसकट, उच्चारासकट. ऐकताना कान खूश व्हायचे. पण त्यातला एकही अंगणात तापून असा वास मारत नव्हता, आणि एकालाही समोर उभी असलेली बाई दिसत नव्हती. हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं?

"नाही," तो म्हणाला. "मरू दे प्रोफाइल." आणि त्याने अँपमधली यंत्राची वायर उपसली. "चाचा, बेंजो आणा. चाची, तुम्ही इथं समोर बसा. अशा नाही, अगदी समोर."

"अरे पण तुझं काम..." चाचा म्हणाले.

"आणता का मी आणू?"

चाचांनी आतून बेंजो आणला. बटणं बोटांनी गुळगुळीत झालेली, तारा मात्र नव्या. वायर जोडली. व्हॉल्व्ह नारिंगी झाला. चाचांनी एकदा चाचींकडे पाहिलं, आणि नवरा पारावरून मांडवाकडे निघाला की वाजवायची ती चाल धरली.

आई शप्पथ! पहिल्या तीन सुरांत गल्ली जागी झाली. भिंतीवर चार डोकी वर आली. चाचांची बोटं बहात्तर वर्षांची राहिलीच नाहीत. तेजस्विनीने हातातला पेला खाली ठेवला. आणि कुंदन, जो कधी कुणाच्या लग्नात नाचला नव्हता, स्वतःच्यासुद्धा नाही, तो पायमोज्यांवर अंगणात उतरला. हात वर, खांदे हलतायत, ताल चुकतोय, कुणाला पर्वा! त्याने तेजस्विनीला ओढलं. भिंतीवरची डोकी खाली उतरून दारातून आत आली. कुणीतरी शिट्टी मारली. चाची तोंडावर ओढणी धरून नुसत्या बघत होत्या, हसत होत्या का रडत होत्या ते कळत नव्हतं.

चाल दोनदा पूर्ण झाली. तिसऱ्यांदा उचलली आणि आत टक् झालं. नारिंगी दिवा मालवला, अँपच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली. बेंजो पुढे दोन सूर टिक टिक वाजला आणि थांबला.

कुंदन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

"अहो," तेजस्विनीने दम घेत विचारलं, "तोच टोन होता का हो तो?"

कुंदनने अँपकडे पाहिलं. "अगं, लक्षच नव्हतं माझं!" आणि तो असा हसत सुटला की शेवटी खाटेवर जाऊन बसला.

चाचांचं मात्र या दोघांकडे ध्यान नव्हतं. बेंजो मांडीवर तसाच ठेवून ते चाचींकडे बघत होते. हजार वरातींना वाजवलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा निकालाची वाट बघत बसला होता.

हमीदाचाचींनी ओढणीने डोळे टिपले. भिंतीशी घाम पुसत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं, कुंदनच्या मातीने माखलेल्या मोज्यांकडे पाहिलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "लोक खरंच नाचायचे तर!"

"मग?" चाचा जवळजवळ ओरडलेच. "पन्नास वर्षं काय सांगत व्हतो मी तुला?"

"मला वाटलं, सगळेच नवरे सांगतात तसं सांगताय."