जहाजबुडीची विद्या आणि आमची विहीर

सन साठच्या पुढंमागं मी पुण्यात इतिहास शिकत होतो. म्हणजे आमच्या गावाच्या, मांडवगणच्या हिशेबानं वाया गेलो होतो. त्यात मला वेड लागलं बुडालेल्या जहाजांचं. समुद्र पाहिलेला नव्हता. दौंड स्टेशनाबाहेरच्या रद्दीवाल्याकडे एक विलायती मासिक मिळालं होतं. त्यातले पाणबुडे तळाशी जायचे आणि वस्तू हलवण्याआधी ती कशाखाली आहे ते टिपून ठेवायचे. खालची आधी बुडाली, वरची नंतर. एवढंच ते शास्त्र, पण मी भारावून गेलो.

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा गाळ काढायचा ठरला. मला विचारल्याशिवाय कुणी काही उचलायचं नाही, असं मी जाहीर केलं. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण आणि घरातलं हायकोर्ट, काठावरून ओरडली, "आता ह्यो चिखलाला बी परीक्षेला बसवतोय!" गडी फिदीफिदी हसले.

मी स्वतः तळाशी उतरलो. आधी लागली आत्याची पत्र्याची बादली. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी ती दोर तुटून पडली, तेव्हा आत्यानं दोरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. ती मी हलवू दिली नाही. तिच्याखाली, गाळात रुतलेली, तांब्याची घागर निघाली.

वर कुजबुज सुरू झाली. ही घागर मी शाळेत जायला लागलो तेव्हाच हरवली होती. विहिरीत गळ टाकून पाहिला, लागली नाही, आणि काकूनं ती कासुर्डीला माहेरी पोचवली असा हायकोर्टाचा निकाल झाला. तेव्हापासून काकू माहेरी निघाली की तिचं गाठोडं ओसरीवर चारचौघांत सोडायला लावत. मला त्याची फार चीड यायची.

"गाळ काढनार म्हंजी सापडनारच," आत्या म्हणाली. "काल रातीत आनून टाकली आसंल."

मी तळातून ओरडलो, "आत्या, घागर तुझ्या बादलीखाली हाय! तुझी बादली पडली, तवा ही आधीच हितं व्हती."

गडी वाकून बघायला लागले. आत्याही वाकली. आपली बादली तिनं ओळखली आणि एक शब्द न बोलता घरात गेली. ती गप्प बसू शकते, हा शोध मला घागरीपेक्षा मोठा वाटला.

पंचमीला काकू माहेरी निघाली. सवयीनं ओसरीवर बसून तिनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. आत्या चुलीपासून उठून आली.

"बांध की गं ते," म्हणाली, "यष्टी चुकंल."

काकूनं दोनदा बांधून पाहिलं, पण गाठ बसेना. शेवटी आत्यानंच खाली बसून ती मारली.