पंधरा नंबरचं तेल

बोधनकरकाका कुणाशी बोलत उभे असले आणि शेजारी मोटरसायकल असली, की त्यांचा हात आपोआप तिच्या हँडलवर जायचा. पुढचा ब्रेक दाबून ते हँडल खाली रेटायचे, सोडायचे आणि गाडीचं तोंड कसं वर येतं ते बघायचे. गाडी पोस्टमनची असो की लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या पाहुण्यांची. मग थकलेल्या आवाजात म्हणायचे, "तेलाचं पाणी झालंय," आणि पुन्हा मूळ विषयाकडे वळायचे.

मी लग्न होऊन नानाखेड्याच्या कॉलनीत आले तेव्हा ते समोरच्या घरात राहत होते. अमरावतीहून नोकरीसाठी आलेले, सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झालेले. त्यांना गाड्यांचा नाद आहे असं मला कित्येक दिवस वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "शौक कसला गं मीनल? मला या गाडीचा कंटाळा आलाय. पण हिला बसवायचं तर कशावर बसवू?"

ही म्हणजे सुलभाकाकू. काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला भैरवगढच्या शाळेत शिकवायच्या आणि नोकरीभर काकांनी त्यांना याच गाडीवरून शाळेत सोडलं होतं. रिटायर झाल्यावर काकूंची हाडं ठिसूळ होत गेली आणि पाठीचा एक मणका दबला. कारमध्ये बसायला खाली वाकावं लागे, ते त्यांना जमत नसे. ई-रिक्षाची चाकं एवढीशी, प्रत्येक खड्डा थेट पाठीत जायचा. मोटरसायकलच्या उंच सीटवर मात्र पायरीवरूनच अलगद आडवं टेकता यायचं. डॉक्टरांनी मोटरसायकलचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे फ्रीगंजला त्यांच्याकडे जाताना काका गाडी कोपऱ्यावर लावत आणि दोघं सावकाश चालत दवाखान्यात शिरत.

त्या काळात सगळं गाव खणून ठेवलेलं होतं. कुठे पाइप टाकायचे, कुठे रस्ता रुंद करायचा. काकांनी धक्के झेलणारे मागचे शॉकर बदलले, सीटवर फोम घातला, चाकातली हवा कमी करून पाहिली. उरला पुढचा शॉकर. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत स्प्रिंग असते आणि तेल असतं, हे मला त्यांनीच न विचारता समजावलं. तेल पातळ असलं तर बारीक खड्डे जाणवत नाहीत, पण ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते आणि मागचा माणूस पुढे घसरतो. घट्ट असलं तर गाडी नाक खुपसत नाही, पण रस्त्यावरची खडीसुद्धा हाडाला कळते. दहा नंबर पातळ, वीस नंबर घट्ट. देवास गेटजवळचे मेकॅनिक युसूफभाई त्यांना प्रामाणिकपणे म्हणाले होते, "बाबूजी, आगे के तेल से पीछे वाले को कितना फ़र्क पड़ेगा?" काकांनी ते मान्य केलं आणि तरी तेल घेतलं. मला म्हणाले, "मागचं सगळं करून झालं. आता एवढंच हातात राहिलंय."

दहा नंबरचं तेल घातल्यावर काकू खूश होत्या. पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखी गाडी चालते, असं त्या मला सांगत होत्या. त्याच आठवड्यात देवास गेटकडून येताना अचानक एक हातगाडी आडवी आली. काकांनी ब्रेक दाबला आणि नेमकं तिथेच खणलेलं होतं. पुढचा शॉकर खटकन तळाला जाऊन आपटला. गाडी पडली नाही, पण काकू काकांच्या पाठीवर आदळल्या. दुसरा मणका गेला.

काकू अंथरुणाला खिळल्या. काकांनी गाडीवर जुनी चादर टाकली. सकाळी काकूंचं सगळं उरकायचं, वरणभाताचा कुकर लावायचा, त्यांना कुशीवर वळवायचं, पुन्हा वळवायचं. पुण्याहून मुलगा येऊन बाई ठेवून गेला, ती महिनाभर टिकली. मी शाळेत शिकवून आले की भाजी घेऊन जायची. काका दारातच खुर्ची टाकून बसलेले असायचे, पेपर मांडीवर तसाच न उघडलेला. कसं आहे विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आलाय असं म्हणायचाही कंटाळा येतो." तेलाचं खापर त्यांनी एकदाही कुणावर फोडलं नाही. नुसतं एकदा म्हणाले, की पातळ तेलानं तिला आठवडाभर सुख दिलं आणि मग एकदम वसूल करून घेतलं.

काकू उठून बसू लागल्या, कमरेला पट्टा बांधून घरात चालू लागल्या, तेव्हाची गोष्ट. मी तिथेच होते. काकू सहज बोलावं तसं म्हणाल्या, "मला भैरवगढला जायचंय. गाडीवरून."

काकांनी मांडीवरचा पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सुलभा, माझ्यात आता ताकद नाही. खरंच नाही."

"ते दिसतंय मला," काकू म्हणाल्या. "पण घरात पडूनही दुखतंच आहे. जरा बाहेर जाऊन दुखू दे. आणि तुम्हीसुद्धा दूध आणण्यापलीकडे कुठे गेला नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरची चादर निघालेली दिसली. काकांनी अंगणातच शॉकर उघडले. जुनं तेल करड्या रंगाचं आणि कुबट वासाचं निघालं. काकू व्हरांड्यात खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. दोन्ही नळ्यांत तेलाची पातळी एकसारखी हवी, म्हणून काका काकूंची विणायची सुई आत बुडवून बघत होते. काकूंना भीती एकच, सुई परत मिळेल की नाही. आधी वीस नंबर झालं. कॉलनीतल्या फेरीवरून काकू ओठ घट्ट मिटून परतल्या. "कडक. मानेपर्यंत आलं." काका तसेच गेले, दहा नंबरचा डबा आणला आणि दोन्ही तेलं निम्मी निम्मी मिसळून पंधरा नंबर केलं. ते करताना ते दोनदा पायरीवर टेकले. काकू पुन्हा मागे बसल्या, आले दोघं फिरून. काकांनी विचारलं, कुठे दुखलं. त्यांचा प्रश्न नेहमी असाच असायचा. कसं वाटलं असं ते कधी विचारत नसत.

"कमरेत दुखलंच," काकू म्हणाल्या. "पण धक्का येणार ते आधी कळतं. सावरायला वेळ मिळतो. हे चालेल मला."

ते भैरवगढला गेले. कापडावर छापाई करणाऱ्या एका घरातल्या दोन मुली काकूंच्या विद्यार्थिनी होत्या, आता त्यांच्याच मुली शाळेत जात होत्या. काकू तिथे तासभर बसल्या, चहा प्यायल्या, छापाची एक चादर घेऊन आल्या. आल्यावर दोन दिवस झोपून होत्या. काका संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसले. गुडघे चोळत म्हणाले, "नेलं बुवा एकदाचं." आनंदाचा सूर नव्हता त्यात. ओझं खाली ठेवल्याचा होता.

त्यानंतर ते अधूनमधून जात राहिले. कधी नदीपर्यंत, कधी नुसतं कोपऱ्यावर कचोरी खायला. मग एका हिवाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर मुलगा काकांना पुण्याला न्यायचं ठरवून गेला. सामान बांधायचं सोडून काकांनी एके दिवशी गाडीचं तेल बदललं आणि मला हाक मारली. "मीनल, जरा मागे बसतेस? आडवी बस, ही बसायची तशी."

मी बसले. बसस्टँडपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. काका खड्डा दिसला की श्वास रोखत होते, ते मला मागून कळत होतं. घरी उतरल्यावर त्यांनी विचारलं, कुठे दुखलं. मी म्हटलं, कुठेच नाही काका, छान चालली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुला नाही कळायचं," म्हणाले. रागानं नाही. दमून. गाडी त्यांनी नंतर युसूफभाईंना देऊन टाकली.

पुण्याच्या बसवर त्यांना सोडायला आम्ही नवरा-बायको गेलो होतो. मुलगा वर सामान लावत होता. मी म्हटलं, पावसाळ्यानंतर या काका, तोवर रस्तेही चांगले होतील. त्यांनी बसच्या दांड्याला धरून एक पाय पायरीवर ठेवला.

"नको बोलावूस," ते म्हणाले. "इथला एकेक रस्ता मला तिच्या पाठीवरून माहीत आहे. पुण्यातले रस्ते माहीत नाहीत, तेच बरंय."

मग ते वर चढले आणि खिडकी सोडून आतल्या बाजूला बसले.