रत्नाकरचा डबा

रत्नाकर पोहनकर आमच्या कंपनीत बारा वर्षं टिकला तो कामामुळे नव्हे, आपलं काम दुसऱ्याला कळू न दिल्यामुळे. अधारतालला मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. रिछाईच्या कारखान्यांसाठी आम्ही मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवतो. कुणी नवा कोड टाकला की तो आपोआप बांधून तपासला जातो, त्याला बिल्ड म्हणतात. हे ज्या बंद डब्यात होतं तो कंटेनर, आणि डबा ज्या साच्यातून निघतो ती इमेज. साचा नीट ठेवायचा, डबा केव्हाही फेकून नवा काढायचा, एवढंच काम. महाशयांना तेवढंही जमलं नाही. साचा तीन वर्षं जुना पडलेला, आणि हे चालू डब्यातच हाताने एकेक साधन कोंबत बसायचे. काय कोंबलं, ते कुठेही लिहिलेलं नाही.

नेहा सहा महिन्यांपूर्वी आली. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मालक अतुलजी दसऱ्यानंतर रत्नाकरच्या शब्दावर ठरवणार होते. ती त्या डब्यात डोकावून एकेक साधन टिपून घ्यायची.

"काहून लिहून राहिली?" तो म्हणायचा. "सगळं डोक्यात आहे न माझ्या."

अतुलजींना मात्र त्याने सांगून ठेवलं होतं की पोरगी नुसती कारकुनी करते. तेव्हापासून मला या माणसाची शिसारी आहे.

खंडेनवमी आली. रत्नाकरचे वडील संरक्षण कारखान्यातले; त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. तो डबा ज्यावर चालायचा तो सर्व्हर त्याने बंद केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि हात जोडून उभा राहिला. बंद होताच डबा आपोआप पुसला जावा, अशी सोय त्यानेच कधीकाळी करून ठेवली होती. ती तो साफ विसरला होता.

दसरा झाला, सर्व्हर चालू केला, तर एकही बिल्ड होईना. संध्याकाळी रिछाईला नवी आवृत्ती द्यायची होती. रत्नाकर डोकं धरून बसला. त्याच डोक्यात सगळं होतं म्हणे, पण त्यातलं एकही बाहेर येईना. नेहाने आपल्या टिपणावरून नवी इमेज बांधली आणि जेवणाच्या सुट्टीआधी बिल्ड सुरळीत झाला.

अतुलजी आले तसा रत्नाकर पुढे सरसावला. "हो गया, भैया. मी तयारी करूनच ठेवली होती."

मी तोंड उघडणार तेवढ्यात नेहा शांतपणे म्हणाली, "अच्छा, सर. मग हा डबा पुसून परत एकदा काढून दाखवा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

अतुलजी त्याच्याकडे बघत थांबले. रत्नाकरने कीबोर्डवर बोटं ठेवली, उचलली, मग खिशातून रुमाल काढला आणि सर्व्हरवरचं कुंकू पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. शेवटी अतुलजींनी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि नेहाला तिथे बसायला सांगितलं.