कडुबाचा कॅमेरा कुणी पाडला

पडलेला कॅमेरा घेऊन दुकानात येणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलतो. "माझ्या हातून नाही पडला हं." कुणाच्या भाच्यानं पाडलेला असतो, कुणाच्या मांजरानं, कुणाच्या बायकोनं कपाट आवरताना. एकतीस वर्षं मी पैठण गेटच्या अलीकडच्या बोळात कॅमेरे उघडून बसलोय, पण "सुदर्शनभाऊ, चूक माझीच" असं म्हणणारा एक माणूस अजून दुकानाची पायरी चढलेला नाही. दुसरं म्हणजे, पडलेला कॅमेरा चालू करून बघू नका, आधी बॅटरी काढा आणि तसाच घेऊन या, हे सांगून सांगून माझा घसा बसला. कुणी ऐकेल तर शपथ. तीन-तीन दिवस बटणं दाबत बसतात, जे शाबूत राहिलेलं असतं त्याचीही वाट लावतात आणि मग माझ्यापुढं ठेवून विचारतात, "होईल ना?"

कडुबानं यातलं काहीच चुकवलं नाही. म्हणूनच मला त्याचा इतरांपेक्षा जास्त राग आला, कारण कडुबा नवशिका नव्हता. पिशोरहून सोळाव्या वर्षी शहरात आलेला, अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याच्या फिल्मा धूत शिकलेला आणि पुढं मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला स्वतःचा स्टुडिओ टाकलेला माणूस. त्याची सगळी ख्याती एका गोष्टीवर होती, ती म्हणजे त्याचा हात. मंडपातल्या मिणमिणत्या बल्बवर, फ्लॅश न मारता, श्वास रोखून तो असा फोटो काढायचा की नवरीची पापणीसुद्धा हललेली दिसायची नाही. स्टँड त्यानं जन्मात वापरलं नाही. "स्टँड लागतं म्हाताऱ्याला," असं तो माझ्या तोंडावर म्हणायचा, आणि मी त्याच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा.

त्याच्याबरोबर बावीस वर्षं एकच माणूस होता, सोमनाथ. लग्नात लाईट धरणं हे सोमनाथचं काम. वयानं कडुबाच्याच बरोबरीचा, तरी त्याला दादा म्हणायचा. बोलणं अगदी कमी. दर खंडेनवमीला कडुबाच्या कॅमेऱ्याची पूजा कडुबा करत नसे, सोमनाथ करायचा. "म्या नुसतं बटन दाबतो, उजेड तर सोम्याचा हाय," असं कडुबा चार लोकांत सांगायचा. सोमनाथ इतक्या मनापासून पूजा करायचा की हळदकुंकू बटणांच्या फटीत जाऊन बसायचं आणि दिवाळीच्या आत कॅमेरा माझ्याकडं सफाईला यायचा. मी दोघांनाही मनसोक्त शिव्या द्यायचो. दोघं हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच कुंकू वाहायचे.

यंदाच्या मे महिन्यात पाचोडला एक बडं लग्न होतं. तिथं ऐन मंगळसूत्र घालायच्या वेळी कडुबाचा कॅमेरा स्टेजवर पडला. कॅमेरा माझ्याकडं यायच्या आधी बातमी आली. सोमनाथचा धक्का लागला, कॅमेरा पडला, आणि नवरीच्या चुलत्यानं भर मांडवात सोमनाथच्या कानाखाली वाजवली. ही बातमी मी पुढच्या पाच गिऱ्हाइकांना मीठमसाला लावून सांगितली. "सोमनाथला आता चष्मा लावा रे," असंही म्हणालो आणि हसलो. दोन दिवसांत शहरातल्या सगळ्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर सोमनाथचं नाव 'धक्का' पडलं. ती बातमी माझ्याच काउंटरवरून फुटली, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी कडुबा आला. कॅमेरा टॉवेलात गुंडाळलेला.

"सोम्याचा धक्का लागला," तो म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं.

"चालू करून बघितलास?"

"बघितला की. लई येळा. आधी व्हायचा, आता व्हत नाय. कार्डबी आतच अडकलंय, झाकणच उघडंना."

मी त्याला जे बोलायचं ते बोललो आणि टॉवेल सोडला. आता आमच्या धंद्यात एक गोष्ट आपोआप कळायला लागते. धक्का लागलेला कॅमेरा लांब उडतो, घसटतो, त्याच्या अंगावर जमिनीच्या रेघा उठतात. कडुबाच्या कॅमेऱ्यावर एक रेघ नव्हती. बुडाचा उजवा कोपरा तेवढा आत चेपला होता. मुठीतून निसटून सरळ खाली आलेला कॅमेरा असा असतो.

मी चहा सांगितला. चहा आला. कडुबानं ग्लासाला हात लावला नाही. माझा पिऊन झाला, त्याच्या चहावर साय धरली.

"घे की रे," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि तोंडापर्यंत जायच्या आत अर्धा चहा टॉवेलावर सांडला. ज्याच्या हाताची आम्ही तीस वर्षं वाखाणणी केली त्या कडुबाचा हात माझ्यासमोर लटलट कापत होता. मला त्याच्याकडं बघवेना.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली." तो टॉवेलानं काउंटर पुसत बसला. "डॉक्टर म्हणला, गोळ्या खात ऱ्हा, पर हे वाढतच जानार. कुनाला सांगू नको, सुदर्शनभाऊ. फोटोवाल्याचा हात गेला म्हनल्यावर कोन बोलवील?"

"आणि दोन वर्षं फोटो कसे काढलेस?"

त्यानं ओल्या टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाला, "तू आसं कर. कार्ड तेवढं काढ. पाचोडचे लोक फोटोसाठी फोनवर फोन करायलेत. पर आतलं काय बघू नको."

"बघितल्याशिवाय कार्ड नीट आहे का गेलं, हे मला स्वप्नात कळणार?"

त्यानं कॅमेरा माझ्याकडं सरकवला. मी कॅमेरा उघडला. आत बटणांच्या खाली, माझ्या सफाईतून सुटलेली गेल्या खंडेनवमीची हळद अजून होती. वाकलेलं झाकण सोडवून कार्ड बाहेर काढायला अर्धा तास गेला. कार्ड शाबूत होतं. मी ते कॉम्प्युटरला लावलं, फोटो जागेवर होते, मग त्याच कॅमेऱ्यावर काढलेले एकेक व्हिडिओ बघत गेलो. कडुबा समोरच्या स्टुलावर खाली मान घालून बसला होता.

हळदीच्या व्हिडिओत चित्र थोडं हलायला लागलं, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "धरतो, दादा." चित्र लगेच थांबलं. पुढच्या व्हिडिओत तेच. नवरदेवाची मिरवणूक, सीमांतपूजन, हळदीच्या जेवणाच्या पंगती, सगळीकडं आधी चित्र थरथरायचं, मग "धरतो, दादा" ऐकू यायचं आणि मग चित्र स्थिर व्हायचं. लग्नाच्या व्हिडिओवर आम्ही नंतर गाणी चढवतो, मूळ आवाज कुणी ऐकत नाही. त्यामुळं दोन वर्षांत हे कुणाच्या कानावर आलं नव्हतं. एका हातात लाईट आणि दुसरा हात कडुबाच्या कोपराखाली, असा हा माणूस दोन वर्षं मांडवामांडवांतून उभा राहिला होता.

शेवटचा व्हिडिओ मंगळसूत्राचा होता. पंधरा-वीस सेकंद चित्र छान होतं. मग लांबून एक दरडावणीचा आवाज आला, "ए लाईटवाल्या, हिकडं ये, पाव्हण्यांवर उजेड मार." सोमनाथ म्हणाला, "साहेब, एक मिनिट." तर पुन्हा तोच आवाज, "आत्ता म्हनलं ना!" उजेड सरकला. चित्र कापायला लागलं, कापतच गेलं आणि मग एकदम स्टेजच्या गालिच्यावर येऊन आदळलं. पुढं फक्त कुणाच्या तरी चपला दिसत होत्या. पण आवाज चालूच होता.

"काय केलं रे हे?" तो दरडावणारा माणूस.

मग कडुबाचा आवाज. "सोम्यानं धक्का दिला, साहेब."

मग थोडा वेळ नुसता सनईचा आवाज. मी मनातल्या मनात सोमनाथला म्हणत होतो, बोल रे, आता तरी तोंड उघड.

"व्हय साहेब," सोमनाथ म्हणाला. "माझाच धक्का लागला."

मग कानाखाली मारल्याचा आवाज आला. त्यानंतर कडुबानं कॅमेरा उचलून बटण दाबलं असावं, कारण व्हिडिओ तिथं संपला.

मी कडुबाकडं बघितलं. तो रडत होता, पण मला दया आली नाही, सणक आली. "बावीस वर्षांचा माणूस तुझा," मी ओरडलो. "तुझ्यासाठी मार खाल्ला त्यानं, आणि तू बघत उभा राहिलास?"

"तोंडातून निगूनच गेलं, भाऊ. लोकं माझ्या हाताकडं बघायली व्हती."

"मग आता तोंडानंच परत घे. पाचोडला जा आणि त्या चुलत्यासमोर सांग. सगळ्या ग्रुपवर सांग."

"जातो. येत्या बाजाराच्या दिवशी जातोच."

मी त्याला लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून दिले. शेवटचा व्हिडिओ त्यात नको म्हणाला, तो वगळला. राहिला कॅमेरा. मी म्हणालो, काच वाचली आहे, झाकण आणि आतली तारांची एक पट्टी बदलली की महिनाभरात पुन्हा कामाला लागेल, दुरुस्त करू का? कडुबा बराच वेळ त्या चेपलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिला.

"नको," तो शेवटी म्हणाला. "दुरुस्त झाला तर पुन्ना हातात धरावा लागंल. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. कार्डबी."

बाजाराचा दिवस गेला. मी फोन केला तर म्हणाला, पुढच्या बाजाराला जातो. मग म्हणाला, लग्नसराई उरकली की जातो. लग्नसराईत त्यानं भाड्याच्या कॅमेऱ्यावर दोन लग्नं केली, सोमनाथला तोंड दाखवणं जमेना म्हणून लाईटला दुसराच कुणी घेऊन. दोन्ही लग्नांचे फोटो धूसर आले. दुसऱ्या लग्नात तर नवऱ्याच्या मित्रांनी त्याचा थरथरता हात मोबाईलवर टिपला आणि तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला. जे लपवायला एका माणसाला बुडवलं, ते महिन्याभरात सगळ्या शहरानं बघितलं. जुलैत मुकुंदवाडीच्या स्टुडिओचं शटर खाली आलं आणि कडुबा पिशोरला भावाकडं राहायला गेला. आता तो माझा फोन उचलत नाही.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ तुझ्याकडं होता, तू का नाही दाखवलास? गिऱ्हाइकाच्या कार्डातलं त्याला विचारल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, हा या धंद्याचा नियम मी एकतीस वर्षं पाळला. बातमी पसरवताना मात्र मला कुठला नियम आडवा आला नव्हता. नंतर मी येईल त्या फोटोवाल्याला सांगायचो, "सोमनाथचा दोष नव्हता रे." तो विचारायचा, "मग कुणाचा?" तिथं माझी गाडी अडायची. कडुबाच्या हाताचं कळल्यावरही 'धक्का' हे नाव सोमनाथला चिकटलेलंच राहिलं, कुणीच त्याला पुन्हा लाईटला बोलावलं नाही. जाधववाडीच्या धान्याच्या मोंढ्यात तो पोती उचलायला लागलाय, असं ऐकलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर आणि चिमटे पाटावर मांडत होतो, तर दारात सोमनाथ उभा. वाळलेला, खांद्यावर गोणपाटाची धूळ, हातात कागदाच्या पुड्या आणि झेंडूची चार फुलं.

"दादांचा कॅमेरा तुमच्याकडंच आसंल, असं वाटलं," तो म्हणाला. "पूजा करून जातो. बावीस वर्सं चुकली नाय."

मी कपाट उघडून कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यानं तो शर्टाला पुसला, पाटावर ठेवला, चेपलेला कोपरा भिंतीकडं केला आणि नेहमीसारखं ढीगभर हळदकुंकू वाहिलं. यंदा मी शिवी दिली नाही. नमस्कार करून तो उठला.

"दादांनी नवीन घेतला का?"

मला खरं सांगायचं होतं. स्टुडिओला कुलूप आहे, तुझे दादा पिशोरला तोंड लपवून बसलेत, तू गालावर घेतलेली ती चपराक फुकट गेली, हे सगळं ओठांवर होतं. पण तो माझ्याकडं इतक्या आशेनं बघत होता.

"घेतला," मी म्हणालो.

"बरं झालं. म्या त्या बाजूला फिरकलोच नाय. मला बघितलं की दादांना कसंतरी व्हईल." रिकाम्या पुड्या त्यानं खिशात कोंबल्या. "लाईटला कोन हाय?"

"आहे एक जण."

"त्याला एक सांगाल का, भाऊ? डाव्या अंगाला हुबा ऱ्हाय म्हनावं. कोपराच्या खाली हात धरायचा, पर लोकांना दिसू द्यायचं नाय. आन् कुनी कितीबी हाका मारल्या, तरी दादांना सोडून जायचं नाय."

"सांगतो," मी म्हणालो.