तबकडीवर ठेवलेलं कार्ड

ती घटना आठवली की माणसांच्या आधी मला एक व्हिजिटिंग कार्ड आठवतं. मी तेव्हा नागपूरला आर्थिक गुन्हे शाखेत पोलीस निरीक्षक होतो. शाखेत रोज अर्ज येत आणि त्यातले निम्मे मी पहिल्या पाच मिनिटांत बाजूला काढत असे. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आपल्याला अर्ज नुसता चाळून कळतो, असं वाटू लागतं. मलाही वाटायचं.

हा अर्जदार शहराच्या महाल भागातला. घराणं विणकरांचं. तरुणपणी वडिलांबरोबर हातमागावर बसलेला, पुढे शाळेत कारकून होऊन निवृत्त झालेला. निवृत्तीची बरीचशी रक्कम त्यानं धरमपेठेतल्या एका एजंटामार्फत एका म्युच्युअल फंडात घातली होती आणि ती वेगानं घटत होती. मी त्याला चहा पाजला. बाजार वरखाली होतोच, थोडं थांबा, येईल वर, असा सल्ला दिला आणि अर्जावर ‘दिवाणी स्वरूप’ असा शेरा मारून मोकळा झालो. उठता उठता तो म्हणाला, "पण साहेब, पाच तारे होते ना त्याले."

तीन आठवड्यांनी तो परत आला. माझ्या शब्दावर तो थांबला होता आणि फंड आणखी उतरला होता. त्या दिवशी मला कळलं की पैसे बायकोच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी होते. डॉक्टरांनी उन्हाळ्यातली तारीख दिली होती. तोवर पैसे पडून राहण्यापेक्षा चार पैसे मिळतील, म्हणून तो एजंटाकडे गेला होता. ती तारीख आता महिन्यावर आली होती. मी ऐकून घेतलं, पण गुन्हा कुठे आहे हे मला तेव्हाही दिसलं नाही.

त्याच आठवड्यात शाखेच्या फोनवर एक बाई बोलली. स्वतःचं नाव तिनं सांगितलं नाही, त्या एजंटाचं मात्र घेतलं. म्हणाली, "त्याच्या हापिसात झेरॉक्स काढतानी कार्ड कुठी ठेवते, तेवढं पाहून घ्या." आणि फोन ठेवला.

मी अर्जाला जोडलेली झेरॉक्स काढली. फंडाचं माहितीपत्रक होतं. वर पाच तारे, मध्ये परताव्याचे आकडे आणि खाली उजव्या कोपऱ्यात एजंटाचं कार्ड, हसऱ्या फोटोसकट. या लोकांची ही रीतच असते. मूळ पत्रकावर आपलं कार्ड ठेवायचं आणि दोन्हींची मिळून झेरॉक्स काढायची, म्हणजे गिऱ्हाइकाला नंबर शोधावा लागत नाही. मी मूळ पत्रक मागवलं. कार्डाच्या जागी जोखीम दाखवणारी अर्धगोल तबकडी होती आणि तिचा काटा ‘अति उच्च’ या शेवटच्या घरावर टेकला होता.

तारे मात्र खोटे नव्हते. एका बँकेतल्या परिचितानं मला ते समजावून दिलं. मानांकन देणाऱ्या संस्था एकाच जातीचे फंड शेजारी मांडतात, मागच्या काही वर्षांत कोणी किती जोखीम घेऊन किती कमावलं ते पाहतात आणि त्यांच्यातच क्रम लावतात. हा फंड छोट्या कंपन्यांचा, म्हणजे मुळातच धाडसी. आमच्या भाषेत सांगायचं तर ठाण्याच्या गुंडांच्या यादीतला सगळ्यांत सभ्य इसम. सभ्य खरा, पण यादीतलाच. हे मी अर्जदाराला सांगितलं.

"म्हंजे तलम लुगड्यातलं एक नंबरचं लुगडं," तो म्हणाला. "मले तं रोज धुवाचं जाडंभरडं पायजे होतं, साहेब. मी त्याले तसंच सांगतलं होतं."

आम्ही एजंटाच्या कार्यालयाची झडती घेतली आणि पंचांसमक्ष झेरॉक्सचा गठ्ठा जप्त केला. एजंट चाळिशीचा, गोड बोलणारा. जबाबात त्यानं एकच धरून ठेवलं: तारे खरे आहेत, आकडे खरे आहेत, कार्ड कुठेतरी ठेवावंच लागतं. मी वाद घातला नाही. पाच फंडांची मूळ पत्रकं आणि त्याचंच कार्ड त्याच्या हातात दिलं आणि आमच्या यंत्रावर झेरॉक्स काढायला सांगितलं, गिऱ्हाइकासाठी काढतो तशी. पहिली चार पत्रकं कमी जोखमीच्या फंडांची होती. त्यांवर त्यानं सवयीनं कार्ड वरच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवलं. पाचवं या फंडाचं. त्याचा हात सरळ खाली तबकडीकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग कार्ड त्यानं वर नेलं. मी जप्त गठ्ठ्यातल्या याच फंडाच्या झेरॉक्स त्याच्यापुढे एकेक करून मांडल्या. एकीवरही तबकडी दिसत नव्हती. त्यानं पाणी मागितलं आणि नंतर जबाब बदलला.

अर्जदाराच्या पत्नीचा जबाब बाकी होता. आमची शाखा दुसऱ्या मजल्यावर. मी घरी येतो म्हणून निरोप पाठवला होता, पण ती कठड्याला धरून, एकेक पायरी चढून आली. मूळ पत्रक तिनं हातात घेतलं आणि तबकडीवरची अक्षरं बोट ठेवून वाचली.

"हे मले दाखवलं असतं तं मी नाई म्हटलं असतं," ती म्हणाली. "मले वाचता येते."

खटला अजून चालू आहे. उरलेली रक्कम काढून त्या बाईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

दोषारोपपत्राला जोडण्यासाठी मी तो पहिला अर्ज पुन्हा काढला. शेवटच्या दोन ओळींवर आमचा आवक शिक्का बसला होता आणि शिक्क्यावर माझा शेरा. कागद खिडकीशी धरून मी त्या ओळी वाचल्या: ‘सदर रक्कम उन्हाळ्यात पत्नीच्या ऑपरेशनकरिता लागणार आहे, असे मी एजंटास पहिल्याच भेटीत सांगितले होते.’ म्हणजे गुन्हा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर लिहून आला होता. मी तो झाकला आणि वर थांबायचा सल्ला दिला. त्या तीन आठवड्यांत जे गेलं, ते एजंटाच्या खात्यावर टाकायला माझं मन आजही धजत नाही. मला त्याची लाज वाटते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी आवक शिक्का अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मारायला लावला. त्या बाईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र अजून व्हायचं आहे.