झोपलेला, उठवलं नाही

ग्लेनिस हेब्डननं एकतीस वर्षं काल्डरशॉच्या शाळेत पोरांना जेवण वाढलं आणि तेवढ्या काळात एकाही हेडमास्तरचं मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. वाटाणे करपले असतील तर करपलेत, असं ती सगळ्यांसमोर सांगायची. निवृत्त झाल्यावर ती हॅगथॉर्पच्या तुरुंगावर देखरेख करायला जाणार हे कळलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फक्त तिच्या नवऱ्याला, डेनिसला.

"सहाशे बाप्ये, सगळे कुलपात," तो म्हणाला, "आणि तू त्यांना विचारत फिरणार, जेवण आवडलं का?"

"हो. आणि सांगणार, की घरी एक आहे, त्याला मी कधीच विचारत नाही."

या कामाला पगार नाही. गावातली आठ-दहा माणसं निवडतात. एक पोस्टमन असतो, एक दाताचा डॉक्टर असतो, एक ग्लेनिस असते. सरकार त्यांच्या कमरेला किल्ल्या लावून देतं आणि सांगतं, जा, कुठलंही दार उघडा, कुणाशीही बोला, जे दिसेल ते लिहा. मग त्यांनी लिहिलेलं वर्षातून एकदा वाचल्यासारखं करतं.

ग्लेनिसचा वार गुरुवार. ती पर्समध्ये स्वतःचा चमचा घेऊन जायची आणि कैद्यांच्या पातेल्यातलं खाऊन बघायची. बराकीतल्या तक्रारपेटीतून चिठ्ठ्या काढायची: कुणाचे मोजे हरवलेत, कुणाच्या गादीत ढेकूण आहेत, कुणाला आईच्या दफनाला सोडलं नाही. एकदा रिकाम्या कोठडीत शिरून तिनं मदतीची घंटा दाबली आणि घड्याळ लावून बसली. पाच मिनिटांत कुणीतरी यायला हवं होतं. अकरा मिनिटांनी एक पोरगेला शिपाई आला आणि हिला आत बघून दचकला. तिनं अहवालात अकरा लिहिलं. मोठ्या साहेबांनी "साधारण पाच ते दहा" लिहा असं सुचवून पाहिलं. तिनं अकराच ठेवलं.

अशी ही बाई. म्हणून पुढचं सांगायचं माझ्याच जिवावर येतं.

तळमजल्यावर एकांतवासाच्या आठ कोठड्या होत्या. तिथला नियम कडक होता. देखरेखीवरच्या माणसानं तिथल्या प्रत्येकाला स्वतः भेटायचं, बरा आहेस ना विचारायचं आणि वहीत लिहायचं. तिथला हवालदार क्रेग ओल्डरॉइड मोठा गप्पिष्ट माणूस. त्याची मुलगी शाळेत ग्लेनिसच्या हातचं कस्टर्ड खाऊन वाढलेली. ग्लेनिस आली की तो आधी चहा टाकायचा.

चार नंबरात वेन स्टॅनिफोर्थ होता, शेहेचाळीस वर्षांचा. बराकीत कुणीतरी त्याच्या जिवावर उठलं होतं, म्हणून तो तिकडे परत जायला तयार नव्हता. सात आठवडे तो तिथंच होता.

"मिस, आज जेवायला काय?" तो दाराच्या फटीतून विचारायचा.

"पास्ता."

"कालचाच?"

"नाही रे, परवाचा."

तो खो खो हसायचा. एका गुरुवारी मात्र हसता हसता त्यानं पोट धरलं. दुखतंय म्हणाला, आतून कुणी चिमटा लावल्यासारखं. ग्लेनिसनं लिहिलं. दवाखान्यातून आम्लपित्ताच्या गोळ्या आल्या. पुढच्या गुरुवारी तो म्हणाला, बरं आहे मिस, आणि तिनं तेही लिहिलं.

आता देखरेखीवरच्या मंडळींचा एक न लिहिलेला रिवाज सांगायला हवा. कैदी झोपलेला असेल तर त्याला उठवायचं नाही. तुरुंगात माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही, झोप तेवढी उरते, तीही आपण का मोडायची? ग्लेनिसला हे मनापासून पटलेलं. डेनिस बावीस वर्षं बेकरीत रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि ती घरात मोजे घालून वावरायची. म्हणून कुणी झोपलेला दिसला, की ती पाय न वाजवता पुढं सरकायची आणि वहीत लिहायची: झोपलेला, उठवलं नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती पावणेअकराला खाली आली. ओल्डरॉइड टेबलाशी बसून सह्या करत होता. एकांतातल्या माणसाला दर तासाला खिडकीतून बघायचं आणि कागदावर वेळेसमोर सही करायची, असा नियम. तो एकाच पेनानं, एका दमात सात, आठ, नऊ, दहा करत खाली आला आणि तसाच अकरा, बारापर्यंत गेला.

"बारा अजून वाजायचेत, क्रेग," ग्लेनिस म्हणाली.

"जेवणं आली की धांदल उडते हो. आधीच उरकून ठेवतो."

"मग माझीही सही करून टाक. मी जाते घरी."

दोघंही हसले. हो, हसले. मग ती एकेका दाराशी गेली. चार नंबरात वेन भिंतीकडे तोंड करून, खांद्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेला.

"रात्रभर दार बडवत होता म्हणे," ओल्डरॉइड मागून हळूच म्हणाला. "आत्ता कुठं डोळा लागलाय. राहू द्या."

तिनं राहू दिलं. वहीत लिहिलं, वेळ टाकली, चहा प्यायली.

सव्वाबाराला जेवणाचं ताट घेऊन गेलेल्या शिपायाच्या हातून ताट पडलं. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरून ग्लेनिस धावत आली. वेन लाकडासारखा ताठ झाला होता. नर्सनं त्याचा हात उचलायचा प्रयत्न केला, तर हात वाकेना. "पहाटेच गेलाय हा," नर्स म्हणाली.

पहाटे! म्हणजे मघाशी आपण टाचा उचलून जपलं ते काय होतं? ग्लेनिस जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिला कुणीतरी पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

पोटातला व्रण फुटला होता. मृत्यूच्या चौकशीला कोर्ट बसेपर्यंत चौदा महिने गेले. त्याच्या आठवडाभर आधी तुरुंगाच्या वकीलबाईंचा ग्लेनिसला फोन आला. आवाज मधाळ.

"मिसेस हेब्डन, तुमच्या नोंदीचा आम्हाला फार आधार आहे. डॉक्टर म्हणतात तो सहाच्या सुमाराला गेला. त्यानंतर आमच्या माणसांनी दर तासाला पाहिलं आणि तो झोपल्यासारखाच दिसत होता. आता, आमची माणसं काय, तसं म्हणणारच. पण तुम्ही तर आमच्या नाहीत. तुम्हालाही तसंच दिसलं."

फोन ठेवल्यावर ग्लेनिस स्वयंपाकघरात उभीच राहिली. तिला कुणी लाच दिली नव्हती, धमकावलं नव्हतं. तिनं आपल्या हातानं, आपल्या चांगुलपणानं त्या सह्यांवर शिक्का मारून दिला होता. अकरा मिनिटांसाठी साहेबांशी भांडणारी बाई ती! आणि तिला ते इतकं सोपं गेलं होतं, की त्या दिवशी तिनं दुसरा कप चहाही मागितला होता.

"सह्यांचं कुणाला ठाऊक आहे?" डेनिसनं विचारलं.

"मला. क्रेगला."

"सांगितलंस तर त्याची नोकरी जाईल. आणि लोक विचारतील, बाई, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"विचारू देत."

"काय सांगशील?"

"की मी हसले."

कोर्टात वकीलबाईंनी हसून सुरुवात केली. मिसेस हेब्डन स्वतंत्र आहेत, तुरुंगाचं काही लागत नाहीत, हे त्यांनी ज्यूरीला दोनदा सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही मिस्टर स्टॅनिफोर्थना झोपलेलं पाहिलंत ना?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली.

"तुमच्या वहीत तर..."

"वहीत लिहिलंय ते मी पाहिलं नव्हतं. मी पांघरूण पाहिलं. झोपलाय असं मला सांगितलं, ते मी लिहिलं. तो श्वास घेतोय का, बघितलं नाही. हाक मारली नाही. दाराची किल्ली माझ्या कमरेला होती."

चौकशी चालवणाऱ्या कॉरोनरनं मान वर केली. ग्लेनिस थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. सह्यांचं तिनं सगळं सांगितलं, पावणेअकराला बाराची सही झाली होती, हेही. आपण काय म्हणालो आणि कशाला हसलो, तेही तिनं शब्द न गाळता सांगितलं. मागच्या बाकावर ओल्डरॉइड खाली बघत होता. वकीलबाईंनी कागद मिटले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात वेनची बहीण शेरिल उभी होती, कोट हातावर टाकून. लीड्समध्ये ती केस कापायचं दुकान चालवते. ती रागावेल, शिव्या देईल, असं ग्लेनिसला वाटलं होतं आणि तेच बरं झालं असतं.

"खरं बोललात," शेरिल म्हणाली. "बाकी कुणी नाही बोललं."

तिनं पर्समधून एक पत्र काढलं. वेनचं, मरण्याच्या पाच दिवस आधीचं. तिनं ते ग्लेनिसच्या हातात दिलं नाही, स्वतःच वाचलं.

"'पोट पुन्हा धरलंय, पण तू घाबरू नकोस. इथं गुरुवारी एक म्हातारी येते किल्ल्या घेऊन. कुणाला भीत नाही. मला काही झालं तर तिला लगेच कळेल. तू उगाच तुरुंगाला फोन करत बसू नकोस.'"

शेरिलनं पत्राची घडी घातली.

"बुधवारी तुरुंगाचा नंबर लावला होता मी," ती म्हणाली. "रिंग जायच्या आधी ठेवून दिला. म्हटलं, उद्या गुरुवारच आहे."

आमच्याकडची माणसं बसमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी स्वतःच सॉरी म्हणतात. ग्लेनिसनं तेवढाच शब्द म्हणायला तोंड उघडलं. शेरिल वाट पाहत उभी राहिली आणि मग कोट अंगात चढवून निघून गेली.